जिभेनं गाडी तपासणारा

आमच्या मेव्हण्याइतका संशयी माणूस भोरला राजे होते तेव्हापासून आजपर्यंत या मुलखात जन्माला आलेला नाही, आणि येऊही नये. एक पुरे झाला. सूर्य उगवला हेसुद्धा त्यानं दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधी मानलं नाही. सकाळी उठायचा, दाराबाहेर यायचा, डोळ्यांवर हात आडवा धरायचा आणि म्हणायचा, "उगवलाय जणू." त्यातलं 'जणू' सोडायचं नाही. दुधात पाणी, मिठात खडी, गुळात माती, सिमेंटात राख, काय असेल ते तो जिभेला लावून बघायचा आणि निकाल द्यायचा. पान नाही, तंबाखू नाही, विडी नाही. लोकांना वाटायचं माळकरी असेल. माळ नव्हती, अन् मटणाला तर बसल्या जागी दोन माणसांचं खायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "दाजी, न्हावी वस्तऱ्यानं लाकूड तासतोय का?" जीभ म्हणजे त्याचं हत्यार, ते बोथट होऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा धर्म.

हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. वयानं माझ्याहून जरा धाकटा. तो मला दाजी म्हणायचा, मी त्याला पाव्हणं म्हणायचो, आणि एकमेकांना असा मान देऊन आम्ही कचाकचा भांडायचो. भोरला एसटी स्टँडच्या अलीकडं पत्र्याच्या शेडात तो मोटारी दुरुस्त करायचा. साठ-सत्तर सालाकडची ही गोष्ट. तेव्हा तालुक्यात एसटी सोडली तर मोटारी फार नव्हत्या, आणि होत्या त्या पुण्यात म्हाताऱ्या झाल्यावर हवापालटाला इकडं धाडल्यासारख्या. त्या सगळ्या फिरून फिरून याच्या शेडात यायच्या. बॅटरी आली की तारेचं टोक जिभेला. आंबट लागली की चांगली, फिकी लागली की मेली. पेट्रोलचा थेंब जिभेला, थुंकायचा आणि मालकाच्या तोंडावर सांगायचा, "रॉकेल ओतलंयसा." मालक खाली बघायचा. कुणाच्या पोटात काय बिघडलंय ते चारचौघांत बोंबलून सांगायचं, ही त्याची खोड. गाडीचंही आणि माणसाचंही.

पण त्याचं खरं कसब दिसायचं ते ओढीच्या कामात. मोटारीचं इंजिन नुसता धूर सोडत नाही, आत हवा ओढतंसुद्धा, आणि त्या ओढीवर गाडीतली दोन-चार बारीक कामं चालतात. तसलं काम बिघडलं की हा तिथली नळी उपसायचा, तोंडात धरून गाल आत जाईस्तोवर ओढायचा आणि चटकन तिच्या तोंडाला जीभ लावायचा. नळी जिभेला चिकटून लोंबत राहिली, तर आतला रबराचा पडदा शाबूत. गळून पडली, तर कुठंतरी हवा शिरतीय. चिकटलेली नळी तो तशीच बराच वेळ ठेवायचा, आणि तेवढ्यात कुणी काही विचारलं तर हातवारे करून उत्तर द्यायचा. कापूरहोळकडचा एक बागाईतदार पहिल्यांदाच गाडी घेऊन आला होता. त्यानं बघितलं, मिस्तरी इंजिनावर ओणवा, जीभ नळीत, डोळे बाहेर, हात हवेत. त्याला वाटलं गाडीनं माणूस धरला. "आरं ओढतीय त्याला, ओढतीय!" म्हणून तो ओरडला, आणि पायातलं पायताण काढून त्यानं इंजिनाला हाणलं. एक पायताण इंजिनाला बसलं, दुसरं मेव्हण्याला. मेव्हण्यानं जीभ सोडवली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "पडदा चांगला हाय."

आणखी एक हत्यार होतं त्याच्याकडं. भोरातल्या एका डॉक्टरानं छातीला लावायची जुनी नळी टाकून दिली होती, ती यानं मागून आणली. कानात घालायचा आणि इंजिनाचा एकेक सांधा ऐकत बसायचा. ती नळी तो खुंटीला टांगायचा, तिला कुणी हात लावलेला खपायचा नाही, पाऊस लागला तर धोतराच्या सोग्यात गुंडाळून छातीशी धरायचा. आमची सोयरीक ठरवायला मंडळी उत्रोलीला आमच्या घरी आली, तेव्हा हा ती नळी घेऊन आला होता. सगळे चहा पितायत, पाऊसपाण्याचं बोलतायत, आणि हा माझ्याजवळ सरकून म्हणाला, "सदरा वर करा." मी केला. काय करणार, पोरीकडचं माणूस. त्यानं पुढून ऐकलं, मागून ऐकलं, "खोका" म्हणाला, खोकलो. मग भर बैठकीत त्यानं जाहीर केलं, "आवाज साफ हाय. बाकीचं बघावं लागंल." ते बाकीचं तो पुढं कितीतरी वर्षं बघत होता.

मी ड्रायव्हर होतो. नसरापुरापासून वेल्ह्याकडं सडकेचं काम चाललं होतं, त्या कामाच्या ठेकेदाराची मोटार माझ्या हातात होती. मालक पुण्याचे, भोरला खोली घेऊन राहायचे. रोज त्यांना घेऊन वेल्ह्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. माणूस वाईट नव्हता, पण दगडाची, डांबराची चोरी बघून बघून त्यांचं डोकं त्याच वाटेनं चालायचं. एका उन्हाळ्यात गाडी एकदम जड झाली. पाय कितीही दाबा, म्हशीनं चिखलातून पाय काढावा तशी निघायची, आणि पेट्रोल तर पाण्यासारखं प्यायला लागली. मालक भर रस्त्यात म्हणाले, "ड्रायव्हर, गाडी पेट्रोल पिती का दुसरं कोण पितं?" मी म्हणालो, "मालक, गाडीत खोट हाय." ते म्हणाले, "मग दाखव. भोरच्या बाजाराच्या दिवसापर्यंत दाखव, न्हाईतर किल्ली ठेव आणि घरी जा."

नोकरी गेली असती तर गेली असती. भात लावायला रान होतं थोडंफार. पण ही गोष्ट चहाच्या दुकानात फुटली. वाहन थांबवून बाटल्या भरून देतो म्हणे, असं कुणीतरी बोललं, आणि दुसऱ्यानं त्यात बाटल्यांचा रंगसुद्धा सांगितला. ते उत्रोलीपर्यंत पोचायला किती वेळ? आमची ही पाण्याला गेली की बायकांचं बोलणं बंद पडायचं. घरी येऊन मला काही सांगायची नाही, हंडा मात्र जरा जोरात ठेवायची. त्या हंड्याच्या आवाजावरून मला सगळं कळायचं.

गाडी घेऊन मेव्हण्याकडं गेलो. सकाळची वेळ, गाडी रात्रभर उभी राहून गार पडलेली. हिलाही सोबत घेतलं होतं, माहेरी तेवढीच चक्कर म्हणून. मेव्हण्यानं झाकण उघडलं, कानाला नळी लावली, सांधे ऐकले. मग इंजिनाच्या कडंला ठिणगी वाटायचा डबा असतो, त्याच्या अंगाला चिकटलेली एक चपटी डबी असते, तिच्याकडं गेला. त्या डबीत रबराचा पडदा असतो. इंजिनानं बारीक नळीतून हवा ओढली की पडदा ओढला जातो आणि ठिणगी वेळेच्या जरा आधी पडते. मग गाडी हलकी पळते आणि पेट्रोल बेतानं खाते. ती ओढ पोचली नाही तर ठिणगीला उशीर, गाडी जड आणि पेट्रोलचा नास. हे त्यानंच मला शिकवलेलं. त्यानं कारब्युरेटरकडचं टोक काढलं, ओढलं, जीभ लावली. नळी चिकटली. सोडेचना. त्यानं काढली, पुन्हा लावली, पुन्हा चिकटली. मग तो हात पुसत सरळ झाला आणि माझ्याकडं बघितलं. गाडीकडं बघायचा तसं.

"दाजी, गाडीत काय न्हाई."

"आवं आसं कसं? मी रोज चालवतोय!"

"जीभ खोटं बोलत न्हाई. खरं सांगा, विकलं का पेट्रोल? मी मालकाचं पाय धरतो, पर मला खरं सांगा."

माझ्या डोक्यात जाळ झाला. हातात पान्हा होता, तो मारलाही असता. पण त्याच्या आत ही उठली. भावापुढं आजवर मान वर न केलेली बाई. पदर खोचला आणि म्हणाली, "दादा, तू गाडी तपास. मानूस मी तपासलाय."

मेव्हणा म्हणाला, "तायडे, गाडी बघितली मी."

"निजल्याली बघितलीस. निजल्याल्या मानसाला धाप लागती का? त्येला डोंगर चढीव अन् मग छातीला कान लाव."

आता हे सांगताना सोपं वाटतं. पण आपल्या जिभेचा निकाल फिरवायचा म्हणजे त्या माणसाला जातीबाहेर काढल्यासारखं होतं. शेवटी त्यानं कानाची नळी गळ्यात घातली आणि म्हणाला, "चला वेल्ह्याला. पर ही चढली अन् खोट न्हाई गावली, तर माझ्या दारात पाय न्हाई ठिवायचा. दोघांनीबी."

मी म्हणालो, "ठेवीत न्हाई." ही तर आधीच गाडीत जाऊन बसली होती.

आमची ती वरात ज्यांनी बघितली त्यांना अजून आठवत असेल. मेव्हण्यानं गाडीचं झाकणच काढून टाकलं होतं आणि स्वतः पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर बसला होता, एक हात दिव्याला, एक हात इंजिनावर, कानात डॉक्टराची नळी. ऊन मी म्हणत होतं. नसरापुरात लोक दुकानातून उठून बाहेर आले. आंबवण्याच्या पुढं गाडी जड झाली तसा तो माझ्याकडं वळून ओरडला, "दाबा!" मी म्हणालो, "दाबलाय!" तो म्हणाला, "आणि दाबा!" मी म्हणालो, "आता काय खाली उतरून दाबू?" मागून ही हसली. कितीतरी दिवसांनी हसली. वेल्ह्याच्या बाजारात पोचलो तेव्हा गाडी धापा टाकत होती, समोर तोरणा नुसता उन्हात उभा, आणि मेव्हणा खाली उतरला तो वाकडाच. बसून बसून कमरेचा पार निकाल लागलेला.

इंजिन चालूच ठेवून त्यानं नळी काढली, ओढली आणि जीभ लावली. "आई गं!" म्हणून तो असा उडाला की शेजारची शेरडं पांगली. नळी तापून लाल झाल्यागत होती, जिभेला फोड आला. पण ती चिकटली नव्हती. गळून खाली पडली होती. तो जीभ बाहेर काढून, पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी नाचायला लागला. "थुतली!" म्हणायचा, "दादी, थुतली!" सुटली म्हणायचं होतं त्याला.

हवा शिरते कुठनं, हे मात्र डोळ्यांना दिसेना. मग त्यानं हिला दुकानातून उदबत्ती आणायला लावली. पेट्रोलजवळ विस्तव नेऊ नये हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मला ओंजळभर माती घेऊन शेजारी उभं केलं. आणि नळी पुन्हा जोडून चालू इंजिनाभोवती, नळीच्या एकेका सांध्यावरून, तो उदबत्ती सावकाश फिरवायला लागला. जिथं हवा आत जाते तिथं धूर वाकतो. बाजाराला आलेल्या बायका थांबल्या. दोघींनी हात जोडले. एका म्हातारीनं आपल्या पाटीतलं झेंडूचं फूल दिव्यावर ठेवलं आणि विचारलं, "नवी घेतली व्हय रं लेकरा?"

"न्हाई आदी, आदारी हाय," मेव्हणा भाजल्या जिभेनं म्हणाला.

"मग देवऋषी बोलवा. तुमच्यानं न्हाई व्हायचं ह्ये. ह्यो बाबा माती घिऊन उबा राहिलाय, अजून जीव हाय तिच्यात!"

तेवढ्यात धूर वाकला. सरळ वर जाणारा धूर मान मोडल्यासारखा खाली गेला आणि डबीजवळच्या रबरी जोडाच्या पोटाखाली शिरला. मेव्हण्यानं बोट घातलं. खालच्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, रबर चिरलं होतं. गार असताना चीर मिटलेली असायची. तापलं की उघडायची. त्यानं माझं बोट धरून ती चीर मला चाचपायला लावली, मग हिला लावली. हिनं चाचपली आणि पदराला बोट पुसलं, बस.

तिथल्या सायकलच्या दुकानातून त्यानं वालट्यूब घेतली, सायकलच्या चाकात हवा भरतात त्या तोंडावरची ती बारीक रबरी नळी, आणि मोठ्या ऐटीत जोडली. गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालली. मऊ रबर, इंजिनाच्या ओढीनं चपटं होऊन बसलं, उसाच्या चिपाडासारखं. मेव्हणा त्याच्याकडं बघत राहिला. जाड भिंतीची नळी पाहिजे, तेवढ्याच भोकाची, आणि ती वेल्ह्यात मिळणार नव्हती, भोरला नाही, पुण्याला माणूस धाडला असता तर भोरच्या बाजाराचा दिवस उलटला असता. त्यानं गळ्यातली डॉक्टराची नळी काढली, एकदा कानाला लावून स्वतःच्याच छातीवर ठेवली, ऐकलं, आणि खिशातल्या चाकूनं तिचा बोटभर तुकडा कापला.

मी म्हणालो, "पाव्हणं, आवं—"

"गप बसा. माती टाका खाली."

दुसऱ्या दिवशी त्यानं मालकांना गाडीत बसवलं आणि पुन्हा त्याच रस्त्यानं नेलं. गाडी वाऱ्यासारखी निघाली. मध्येच थांबायला लावून त्यानं तो तुकडा काढला, जुना चिरलेला जोड बसवला, "आता बघा" म्हणाला. गाडी पुन्हा म्हैस. परत तुकडा, परत वारा. जीभ सुजलेली, बोलताना अर्धे शब्द गळायचे, पण मालकांना समजलं. आठवडाभर त्याला चव नव्हती, घरात मीठ किती पडलं हे बायकोच्या शब्दावर मानावं लागलं, ते दुःख वेगळंच. मालक म्हणाले, "मला काय ठाऊक बाबा. किती द्यायचं तुला?" मेव्हणा म्हणाला, "मला काय नको. माझ्या बहिनीच्या दारात चला अन् तिला सांगा."

"तिला? तिला कशाला?"

"पानवठ्यावर ती जाती, मालक. तुमी न्हाई."

मालक आले. उत्रोलीत आमच्या दारापुढं गाडी थांबली तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या दारांत माणसं होती. मालकांनी टोपी काढली, बोटांनी फिरवली, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, तुमच्या नवऱ्यानं पेट्रोल विकलं नाही. दोष गाडीत होता. चूक माझी झाली." हिनं डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाली, "बरं झालं, कळलं तुमास्नी. बसा, च्या टाकते." आणि आत गेली. इतकी ताठ गेली की मला वाटलं, हिला एवढ्यानंसुद्धा समाधान नाही.

चहाला वेळ लागला म्हणून मी आत गेलो. चुलीवर पातेलं होतं, पातेल्यात पाणी नव्हतं. ही चुलीपुढं पाय मुडपून बसली होती, पदर तोंडात घट्ट दाबलेला, आणि सगळं अंग गदगदा हलत होतं. आवाज एवढासा नाही. मागून मेव्हणा आला, पाणी मागायला. त्यानंही बघितलं. तसाच मागं फिरला, दारात गेला आणि त्यानं मालकांच्या गाडीचं झाकण खाडकन उघडलं.

"आता काय झालं?" मालक ओट्यावरून ओरडले.

"जरा बघतो."

"अरे, आत्ता तर झकास चालली!"

"चालती म्हनून बघू न्हाई व्हय?"

ही डोळे पुसून उठेपर्यंत, पाणी ठेवेपर्यंत, चहाला उकळी येईपर्यंत तो त्या धडधाकट इंजिनात नटबोल्ट सोडत होता आणि पुन्हा आवळत होता. गाव सगळं त्याच्याभोवती गोळा झालं. घराकडं कुणी बघितलं नाही. जन्मात एकदाच त्या माणसानं चांगल्या गाडीला आजारी म्हटलं असेल.

यंदाच्या चैत्रात ही गेली. घर आहे तसं आहे, मी आहे तसा नाही. मेव्हण्याचं शेड कधीच मोडलं, दात गेले, कानाला कमी ऐकू येतं. तरी दर आठवड्याला भोराहून एसटीनं येतो, माझ्या हातचा चहा जिभेवर धरतो आणि तोंड वाकडं करतो. परवा आला होता. मला बरेच दिवस एक विचारायचं होतं, ते विचारलं. ज्या बाईनं भावाच्या तोंडावर माझी ग्वाही दिली, ती सगळं मिटल्यावर एवढी का रडली? तिलाही वाटलं होतं का कधी, एखाद्या दिवशी, हंडा ठेवताना, की मी विकलं असेल? तिला मी हे कधी विचारलं नाही. एवढी वर्षं एका घरात राहिलो, धीर झाला नाही. मी म्हणालो, "पाव्हणं, तुमी तिचे भाऊ. तुमी बघितलंत तिला त्या दिवशी. काय होतं तिच्या मनात?"

त्यानं कप खाली ठेवला. मला वाटलं, आता सांगणार, ओरडून सांगणार, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

"त्ये मला न्हाई कळलं, दाजी," म्हणाला.

मग एसटीची वेळ झाली म्हणून उठला. एसटीला अजून लई वेळ होता. मी म्हणालो, बसा. बसला.